गौरवाचे वजन

मराठीत ‘गौरव’ म्हटले की डोळ्यांपुढे व्यासपीठ उभे राहते. गौरवमूर्ती, मानपत्र, शाल आणि श्रीफळ, शेवटी आभारप्रदर्शन. मराठी बायबलमध्ये मात्र देवाचे सामर्थ्य आणि तेज ज्या एका शब्दात एकवटते तो शब्द हाच. हिंदी बायबलने ‘महिमा’ निवडला. तो कानाला अधिक भारदस्त वाटतो, आणि भक्तिपरंपरेत रुळलेलाही आहे. तरीही अनुवादाच्या दृष्टीने पाहिले तर मराठीने अनवधानाने म्हणा किंवा जाणतेपणाने म्हणा, मुळाच्या फार जवळचे काही हाती धरले आहे. हिब्रूतला मूळ शब्द ‘कावोद’. त्याच्या धातूचा अर्थ जड असणे. ‘गौरव’ तर सरळ ‘गुरु’वरून आलेला, म्हणजे पुन्हा वजनच. ग्रीक अनुवादकांनी ‘कावोद’साठी ‘दोक्सा’ हा शब्द योजला, आणि त्याचा जुना अर्थ होता लोकांचे मत, लौकिक. एका भाषेत जे वजन होते ते दुसरीत लोकांच्या नजरेवर अवलंबून राहिले. आपल्या ‘गौरव’ शब्दात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात: पोटात वजन आणि अंगावर शाल.

हा शब्दांचा खेळ नव्हे. दुःखात देवाचे गौरव ओळखावे, ही ख्रिस्ती श्रद्धेतली फार जुनी शिकवण आहे. तिच्यावर उभे राहिलेले साहित्य वाचताना प्रश्न पडतो तो असा, की इथे गौरव म्हणजे नेमके काय? दुःखावर पांघरलेली शाल, की दुःखाइतकेच जड असे काही?

योहानाच्या शुभवर्तमानाने या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिले आहे. इतर तिन्ही शुभवर्तमानांत डोंगरावर येशूचे रूप पालटते, वस्त्रे लखलखतात, शिष्य दिपून जातात. योहान हा प्रसंग सांगतच नाही. त्याच्या कथनात येशू ज्या घटकेला ‘गौरवाची घटका’ म्हणतो ती क्रूसाची घटका आहे. ग्रीकमधले एकच क्रियापद तो दुहेरी अर्थाने वापरतो: उंच करणे म्हणजे क्रूसावर चढवणे आणि उंच करणे म्हणजे सन्मानाला नेणे. मराठीतही ‘उंच करणे’ने हे दोन्ही साधते, पण वाचकाला थांबावे लागते. सैनिक येशूला जांभळे वस्त्र घालतात, काट्यांचा मुकुट चढवतात, जयजयकार करतात. गौरव समारंभाचे सगळे साहित्य तिथे हजर आहे आणि प्रत्येक वस्तू जखम करते. लौकिकाच्या अर्थाने गौरव तिथे पार संपलेले आहे. उरते ते फक्त वजन.

पण योहानाला हे म्हणता येते, कारण त्याच्या कथेत दुःख भोगणारा आणि गौरवाबद्दल बोलणारा एकच आहे. अडचण सुरू होते ती बोलणारा वेगळा आणि भोगणारा वेगळा झाला की. ईयोबाच्या ग्रंथाचे सगळे नाट्य याच फटीतून घडते. अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर न बोलता बसतात. त्यांच्या हातून घडलेले ते सर्वांत मोलाचे काम. तोंड उघडल्यावर ते देवाच्या न्यायाचे आणि थोरवीचे जे वर्णन करतात त्यातली कित्येक वाक्ये सुटी काढली तर कुठल्याही प्रार्थनापुस्तकात शोभतील. तरी ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि आपल्याशी उभा दावा मांडणारा ईयोबच योग्य बोलला असे सांगतो. समीक्षकाने लक्षात ठेवावा असा हा निवाडा आहे: बरोबर वाक्य चुकीच्या जागेवरून उच्चारले की ते खोटे होते.

आणि वावटळीतून देव बोलतो तेव्हा तो ‘का’चे उत्तर देत नाही. तो समुद्राची दारे दाखवतो, रानगाढव दाखवतो, जिथे माणूस राहत नाही अशा ओसाड भूमीवर पडणारा पाऊस दाखवतो. ईयोबाच्या दुःखाला तो कारण पुरवत नाही, आणि त्यामुळेच ते दुःख कुणाच्या हिशेबातली रक्कम होत नाही. मराठी वाचकाला हा भांडणाचा सूर परका वाटू नये. दुष्काळात घरची माणसे गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी जे रोखठोक बोलणे केले ते आपल्या कानात आहे. नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, त्या पुलाचा एक खांब मला हा भांडणाचा हक्क वाटतो.

आता एक आधुनिक उदाहरण. डिसेंबर 1875मध्ये ब्रेमरहाफेनहून न्यूयॉर्ककडे निघालेले ‘डॉइचलँड’ हे जहाज थेम्सच्या मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर रुतले. बुडालेल्यांत पाच फ्रान्सिस्कन जोगिणी होत्या. प्रशियाच्या धर्मसंस्थाविरोधी कायद्यांमुळे त्यांना देश सोडावा लागला होता. जेराल्ड मॅनली हॉपकिन्स तेव्हा वेल्समध्ये जेझुइट शिक्षण घेत होता. 1868मध्ये संघात जाताना त्याने आपल्या कविता जाळल्या होत्या आणि सात वर्षे जवळजवळ मौन पाळले होते. या बातमीने ते मौन मोडले. पस्तीस कडव्यांची ही कविता जेझुइटांच्याच मासिकाने नाकारली. ती छापून आली 1918मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर 29 वर्षांनी.

या कवितेची थोरवी कुठे आहे? देव वादळाचा स्वामी आहे, हे ती पहिल्याच ओळीपासून सांगते. ते तर अलीफजही सांगू शकला असता. पण हॉपकिन्स मध्येच स्वतःची जागा उघड करतो: त्या जोगिणी वाऱ्याच्या तोंडी होत्या तेव्हा मी छपराखाली, विसाव्यात होतो. त्यानंतर त्यांच्यातली एक उंच जोगीण ख्रिस्ताला हाक मारते, आणि कवी विचारतो, तिला काय म्हणायचे होते? ख्रिस्तासारखे मरण हवे होते? स्वर्गातला मुकुट? की श्रमातून सुटका? एकेक उत्तर तो पुढे करतो आणि बाजूला ठेवतो. शेवटी भाषाच अडखळते, वाक्ये अर्धी तुटतात, ठिपके पडतात. शब्दांवर इतकी हुकमत असलेला कवी इथे बोलता बोलता थांबतो. गौरव ओळखण्याचा क्षण या कवितेत व्याकरण मोडण्याचा क्षण आहे. अनुवादकाने ती वाक्ये सफाईदार केली तर कविताच हातची गेली.

पण याच कवितेत अलीफजाचा सूरही परत येतो. पापांगीकाराविना बुडालेल्या इतर प्रवाशांचे काय, हा प्रश्न कवीला टोचतो खरा. जोगिणीच्या हाकेने ते देवाकडे वळले असतील, म्हणजे जहाजाचा नाश हा सुगीचा हंगाम ठरेल, अशी आशा तो पुढे ठेवतो. शेवटच्या कडव्यात पाच स्त्रियांचा मृत्यू इंग्लंड पुन्हा कॅथलिक व्हावे या प्रार्थनेला जोडला जातो. इथे दुःख कामाला लावले जाते. माझ्या मते कविता इथे हलकी होते. दहा वर्षांनी डब्लिनमध्ये, एकाकी आणि खचलेल्या हॉपकिन्सने जी काळोखी सुनीते लिहिली त्यांत असा हंगाम नाही. एका सुनीतात तो रात्रभर कुणाशी तरी झुंजला आहे, आणि तो देव होता ही ओळख त्याला पटते ती कंसात कोंबलेल्या एका धापेत. आता भोगणारा आणि बोलणारा पुन्हा एक झाले आहेत, आणि गौरवाचे वर्णन जवळजवळ संपले आहे.

हा वाद युरोपातल्या जहाजापाशी थांबत नाही. बामा यांचे तमिळमधले ‘करुक्कू’ 1992मध्ये आले. दलित ख्रिस्ती घरातली मुलगी गरीब मुलांसाठी काही करावे म्हणून जोगीण होते, आणि मठातही जात भेटते म्हणून बाहेर पडते. त्यांचा एक आक्षेप आपल्या विषयाच्या मुळावरच येतो: देव प्रेमळ आहे, सोसा, नम्र राहा, हे दलितांना शिकवले गेले. अन्यायावर संतापणारा येशू मात्र शिकवला गेला नाही. दुःखातले गौरव सांगणारी भाषा इथे माणसाला जागच्या जागी बसवण्याचे साधन झाली आहे. करुक्कू म्हणजे ताडाच्या पानाची दोन्हीकडून कापणारी कडा. बामा तिचे नाते बायबलमधल्या दुधारी तलवारीशी जोडतात. म्हणजे त्या ग्रंथ टाकून देत नाहीत. त्याची धार परत मागतात.

बामांच्या आक्षेपासमोर योहान टिकतो का? मला वाटते टिकतो, पण एका अटीवर. क्रूसावर गौरव आहे या विधानाचा अर्थ क्रूस चांगला आहे असा होत नाही. खिळे ठोकणारे योहानाच्या कथेत निर्दोष ठरत नाहीत. ज्याला लोकांनी हलके लेखून बाहेर फेकले, देवाचे वजन त्याच्या बाजूला आहे, एवढेच ते विधान सांगते. ते फेकलेल्या माणसाने उच्चारले तर दावा होते, फेकणाऱ्याने उच्चारले तर आभारप्रदर्शन.

म्हणून मराठी बायबलमधला ‘गौरव’ बदलून ‘महिमा’ करावा असे मला वाटत नाही. शालीचा अर्थ त्याला चिकटला आहे तो चिकटूच द्यावा. वाचताना प्रत्येक वेळी ती शाल उचलून खाली कुणाचे ओझे आहे ते पाहावे लागेल, आणि हे काम महिमा हा सोज्ज्वळ शब्द आपल्याकडून करून घेणार नाही.