टॅपेटच्या तळाशी

शेवरलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनाचा नवा फ्लॅट टॅपेट डबीतून काढावा, त्याच्या तळावर पोलादी पट्टीची कड उभी धरावी आणि दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडाकडे न्यावीत. पट्टी बरोबर मध्यावर टेकलेली दिसते आणि तिथून दोन्ही काठांकडे उजेडाची अतिशय बारीक रेघ फाकत गेलेली असते. बोटाला जो तळ अगदी सपाट लागतो, तो खरे तर एका प्रचंड गोलाचा इवलासा तुकडा आहे. त्या गोलाची त्रिज्या साधारण 50 इंचांच्या आसपास, म्हणजे सव्वा मीटरहून थोडी अधिक, आणि टॅपेटचा व्यास अवघा 0.842 इंच. एवढ्याशा व्यासावर या गोलाईचा उंचवटा भरतो किती, तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी. जुन्या इंजिनाला कॅमशाफ्ट कोणता घालावा, या सगळ्या चर्चेचे मूळ मला या न दिसणाऱ्या उंचवट्यात सापडते, आणि म्हणून आपणही तिथेच थोडे रेंगाळू.

या टॅपेटचा जोडीदार म्हणजे कॅमशाफ्टवरचा लोब. तोही वरवर सरळ घासलेला दिसतो, पण मायक्रोमीटर लावला की त्याचा एक काठ दुसऱ्यापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने उतरता भरतो. शिवाय टॅपेटचे भोक लोबच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर नाही, ते किंचित एका अंगाला सरकवलेले आहे. उतरता लोब आणि गोलसर तळ यांची गाठ अशी मध्यापासून जरा बाजूला पडते, आणि त्यामुळे लोब टॅपेटला नुसता उचलत नाही, उचलता उचलता स्वतःभोवती फिरवतोही. स्पर्शाची जागा सतत बदलत राहते, झीज एका ठिकाणी साचत नाही, तेलाचा पापुद्रा ताजा राहतो. नवे इंजिन पहिल्यांदा सुरू करताना जाणते मिस्त्री व्हॉल्व्ह कव्हर काढून पुशरॉडवर मार्करने एकेक रेघ ओढतात आणि ती रेघ फिरते आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घेतात. जो पुशरॉड फिरत नाही, त्याच्या खालचा लोब फार दिवस टिकायचा नाही. तोच उतार आणखी एक काम मुकाट्याने करतो: चालत्या कॅमशाफ्टला मागे ब्लॉककडे रेटून धरतो. कॅम पुढे सरकू नये म्हणून वेगळी अटक करण्याची गरजच त्या अभियंत्यांनी ठेवली नाही. हजारांश भागांच्या उतारातून त्यांनी दोन दोन कामे साधली, ही काटकसर मला फार देखणी वाटते.

हे इंजिन 1955 सालचे, एड कोल यांच्या देखरेखीखाली घडलेले, सुरुवातीला 265 घन इंचांचे. पुढे ते 283, 327, 350 असे वाढत गेले. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून शेवरले गाड्या जोडत असे, पण ते काम या व्ही-8च्या जन्माआधीच थांबले. आपल्याकडच्या जुन्या शेवरले गाड्यांच्या बॉनेटखाली म्हणून बहुधा सहा सिलिंडरच भेटतात. तरी टॅपेटची खटखट ऐकत ज्याने गॅरेजमध्ये वेळ घालवला आहे, त्याला ही भाषा परकी वाटायची नाही.

समजा, 327 खोलून स्टँडवर चढवलेले आहे. आता आपल्यापुढे सॉलिड फ्लॅट, हायड्रॉलिक फ्लॅट आणि हायड्रॉलिक रोलर असे तीन मार्ग येतात. सॉलिड रोलर शर्यतीच्या इंजिनांसाठी, त्याला इथे नमस्कार करून पुढे जाऊ.

फ्लॅट टॅपेटचे एक गणित मोठे रमणीय आहे. लोब फिरू लागला की स्पर्शाचा बिंदू तळाच्या मध्यापासून काठाकडे सरकतो, आणि टॅपेट ज्या वेगाने वर जात असेल नेमके तेवढेच ते सरकणे असते. इंच प्रति रेडियन या मापात मोजलेला वेग आणि मध्यापासूनचे अंतर हा आकडा एकच. वेग वाढवत नेला तर बिंदू काठाबाहेर पडेल आणि तळाची कड लोबला खरवडू लागेल. म्हणजे व्हॉल्व्ह किती झटकन उघडायचा, याची मर्यादा टॅपेटच्या व्यासातच लिहिलेली आहे. शेवरलेचा व्यास 0.842 इंच, फोर्डचा 0.874, क्रायस्लरचा 0.904. केवळ या फरकामुळे क्रायस्लरचा कॅम घासणाऱ्याला शेवरलेच्या कॅम घासणाऱ्यापेक्षा अधिक धीट लोब काढता येतो. शेवरलेच्या कारागिरांनी या तोकड्या तळावर जे साधले, त्याची गोडी म्हणूनच जरा जास्त.

त्यातले माझे सर्वात आवडते उदाहरण म्हणजे 1964 साली 327च्या दणकट आवृत्त्यांसाठी आलेला ‘30-30’ कॅम. पुढे 1967 ते 1969 च्या कॅमारो झेड/28 मधल्या 302 इंजिनातही तोच होता. कॉर्व्हेटचे शिल्पकार झोरा आर्कस-डंटोव्ह यांचे नाव लोकांनी प्रेमाने त्याला जोडले. हा सॉलिड कॅम, आणि त्याच्या इनटेक व एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्हना सोडायची फट 0.030 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर. इतर बहुतेक इंजिनांच्या मानाने ही फट दांडगी. एवढ्या फटीवरून लोब धाडकन आदळला तर काही उरणार नाही, म्हणून लोबच्या आरंभाला एक लांब, सौम्य चढण दिलेली असते. ती आधी हलकेच फट भरून काढते आणि मगच खरी उचल सुरू होते. उतरताना पुन्हा तशीच चढण उलट्या अंगाने व्हॉल्व्हला सीटवर अलगद टेकवते. संथ चालीवर हे इंजिन डळमळत, ठेचकाळत बोलते, कारण दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ त्यात मोठा आहे. पण फेरे चढू लागले की तीच अडखळ विरून जाते आणि श्वास मोकळा होतो. सॉलिड टॅपेटमध्ये दबणारे काही नाही, लोबवर जे घासले आहे ते जसेच्या तसे व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. त्यासाठी अधूनमधून सोळाही टॅपेट सेट करावे लागतात. फिलर गेजची पाती फटीत किंचित अडत, ओढ देत सरकली पाहिजे, आणि ती ओढ हाताला ओळखता येऊ लागली की हे काम तबलजीने गट्टे ठोकत सूर लावावा तसे होते. ज्याला यात आनंद नाही, त्याने सॉलिड कॅमच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटच्या पोटात छोटा पिस्टन आणि एकमार्गी झडप असते. इंजिनाचेच तेल आत शिरून सगळी फट भरते, त्यामुळे खटखट नाही आणि वरचेवर सेटिंगही नाही. फेरे फार वाढून व्हॉल्व्ह तरंगू लागले, तर मात्र हा टॅपेट तीही फट तत्परतेने भरून टाकतो आणि व्हॉल्व्हला पुरता मिटू देत नाही. कुटुंबाच्या गाडीला तेवढ्या फेऱ्यांशी कर्तव्यच नव्हते, आणि तिथे या टॅपेटने वर्षानुवर्षे चोख सेवा दिली.

सॉलिड असो की हायड्रॉलिक, फ्लॅट जोडीचा पहिला अर्धा तास फार नाजूक. नवा कॅम सुरू होताक्षणी 2000 ते 2500 फेऱ्यांवर न्यायचा आणि वीस-तीस मिनिटे तिथेच खेळवायचा, संथ चालीवर अजिबात सोडायचा नाही. यामागे दोन कारणे आहेत. लोबवर तेल पोहोचते ते मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेल्या तुषारांतून, आणि क्रँक हळू फिरला तर तुषार कमी. दुसरे अधिक सूक्ष्म: फेरे कमी असतात तेव्हा लोबच्या शेंड्यावर स्प्रिंगचा पूर्ण भार पडतो, वेग वाढला की भागांची जडताच त्यातला काही भार हलका करते. संथ चाल ऐकायला आरामाची वाटते, पण शेंड्यासाठी तीच जड. त्यात तेलही बदलले. जस्त आणि फॉस्फरसचे जे संयुग या घर्षणाला शांत ठेवी, ते उत्प्रेरक परिवर्तकाला बाधते म्हणून 2004 साली आलेल्या एपीआय एसएम दर्जाने पातळ तेलांतील फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर बांधला. जुन्या जोडीला म्हणून जस्त राखलेले तेल शोधूनच घालावे. एकमेकांवर घासून बसलेले लोब आणि टॅपेट पुढे जन्मभराचे सोबती होतात. इंजिन पुन्हा खोलले तर प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबवर परतला पाहिजे, आणि कॅम नवा घेतला तर सोळाही टॅपेट नवे.

आता रोलर हाती घ्या. तळाला सुयांच्या बेअरिंगवर फिरणारे छोटे चाक. फ्लॅट टॅपेट फिरला नाही तर मरतो. रोलर टॅपेट स्वतःभोवती फिरला तर मरतो, कारण चाक आडवे झाले की लोबला चिरत जाईल. म्हणून जुन्या ब्लॉकमध्ये घालायच्या रोलर टॅपेटच्या जोड्या एका पट्टीने एकमेकांना बांधलेल्या असतात. लोबला उतार नाही, त्यामुळे कॅमला मागे रेटणारा तो मूक हातही गेला. त्याच्या जागी टायमिंग कव्हरच्या आत कॅमच्या तोंडाशी एक बटण बसवावे लागते. शेवरलेने 1987 पासून कारखान्यातच हायड्रॉलिक रोलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा ब्लॉकमध्ये त्यासाठी वेगळी थ्रस्ट प्लेट आली. कॅम पोलादी असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे गिअरही त्याच्याशी जुळणाऱ्या धातूचे निवडावे लागते. एका तळाचा आकार बदलला आणि बदलाची साखळी इंजिनभर पसरली.

पण मिळाले काय, तेही पाहावे. तळाच्या काठाची ती बेडी तुटली. फ्लॅट लोबचा शेंडा निमुळता असतो, रोलर लोब मात्र भरदार खांद्यांचा. व्हॉल्व्ह मिटलेला राहण्याचा काळ फारसा न घटवता तो उघडला की जास्त वेळ जास्त उंच राहतो, म्हणून संथ चाल सुसंस्कृत राहूनही वर ताकद मिळते. पहिल्या अर्ध्या तासाची धाकधूक नाही, आणि तेलाची चिंताही बरीच हलकी.

ज्या कॉर्व्हेटमध्ये 1964 साली 30-30 घालूनच 327 आले होते, तिला मी सॉलिड फ्लॅटच देईन, फटीसकट आणि खटखटीसकट. तिचे बोलणे त्याच तळातून आलेले आहे. पण रस्त्यावर भरपूर फिरवायच्या साध्या 327 साठी मध्यम उचलीचा हायड्रॉलिक रोलर मी बिनदिक्कत निवडेन. फक्त रोलर टॅपेट उंच असतो आणि जुने पुशरॉड त्यावर लांब पडतात. तेव्हा व्हॉल्व्हच्या दांडीच्या माथ्यावर शाई लावून, इंजिन हाताने फिरवून, रॉकरचे टोक मध्याजवळ अरुंद पट्टा उमटवते आहे ना, हे पाहावे आणि त्यावरूनच नव्या पुशरॉडची लांबी सांगावी.