‘वैविध्या’त जात कुठे आहे?

परभणीत मी शिकवतो. पूर्णा, पालम, गंगाखेडकडची आमची मुले पदवी पदरात पडली की पुण्या-चाकणची वाट धरतात. त्यांतल्याच एकाने परवा एका मोठ्या कंपनीची पुस्तिका माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, ‘‘सर, ह्यात आपण कुठं आहोत?’’ गुळगुळीत कागद, हसरे चेहरे. स्त्रियांसाठी पाळणाघर, अपंगांसाठी उतार, मन थकलेल्यांसाठी समुपदेशक आणि पानोपानी ‘वैविध्य’. जात हा शब्द मात्र एकदाही नाही. समीक्षकाने शब्द तपासायचे असतात आणि गाळलेले शब्दही. म्हणून ही पुस्तिका मी एखाद्या साहित्यकृतीसारखी वाचली.

ह्या सोयी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला, तेव्हा कायद्याची तशी सक्ती नव्हती. मालक कामगाराचे भले करू शकतो. प्रश्न एवढाच, की ते भले कोणत्या खात्याच्या दारापर्यंत पोचते?

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण जास्त मजुरीच्या विणाई खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. उष्ट्या सुताचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नव्हता आणि मालकांना त्याचे सोयरसुतक नव्हते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे परभणीचा रूळ ज्या मनमाडला जाऊन मिळतो, तिथे फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील दलित कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एकत्र सांगितले. ते का, हे ह्या सुतावरून कळते.

आज सूत तोंडाने ओढावे लागत नाही. आता विटाळ आडनावाला होतो. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फरक नावाचा. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश भरले. गुणवत्तेचा घोष करणाऱ्यांनी ह्याचे उत्तर द्यावे.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्त्री-कर्मचारी किती, अपंग किती, हे सांगावे लागते. कर्मचाऱ्यांची जातवार मोजणी मागितलेली नाही. मात्र कंपनीच्या समाजकार्याच्या लाभार्थ्यांत दुर्बल व वंचित गटांतले किती टक्के, असा एक ऐच्छिक प्रश्न आहे. ह्याचा अर्थ लक्षात घ्या. दान घेणारा म्हणून आमची गणती होऊ शकते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणून होत नाही. ही व्यवस्था गावकुसाच्या फार दूर गेलेली आहे असे मला वाटत नाही.

पूर्णा जंक्शनची रेल्वे आठवा. सरकारी नोकरीला बिंदुनामावली असते. कोणती जागा कोणाची, किती भरल्या, किती रिकाम्या, हे कागदावर येते. तिथेही अन्याय होतो, पण कागदावर बोट ठेवून भांडता येते. घटनेतील आरक्षणाची तरतूद खाजगी कंपनीच्या दारात थांबते आणि आत कागदच नसतो. जे मोजले जात नाही त्यासाठी भांडायचे कसे?

आमच्या आत्मकथनांनी गाव, शाळा, वसतिगृह उघडे केले. कंपनीची आतली बाजू अजून पुरेशी आलेली नाही. म्हणून त्या मुलाला मी म्हणालो, ‘‘मुलाखतीला जा. घेतलं तर मोजायला लाग. झाडलोटीच्या कंत्राटात आपले किती, यंत्रावर किती, माणसं निवडणाऱ्या टेबलामागे किती. आणि मोजलेलं लिहून काढ. ह्या पुस्तिकेचं गाळलेलं पान तुलाच लिहायचं आहे.’’