चाटू कोरायची सुरी

‘हँडमेड’ असं लिहिलेली एक सुरी माझ्याकडे आहे. ऑनलाइन मागवलेली, साडेचार हजारांची. पात्यावर हातोड्याचे घाव मुद्दाम राखलेत आणि दमास्कस म्हणून विकतात तशी लाटांची नक्षी आहे. फोटोत देखणी दिसते. कडुनिंबाच्या ओल्या लाकडावर चालवली की दहा मिनिटांत तळहाताला फोड येतो, कारण मुठीला बोटांसाठी खाचे पाडलेत. चाटू कोरताना सुरी हातात सारखी फिरते. कधी अंगठ्यानं रेटायची, कधी छातीकडे ओढायची. खाचे आले की पकड एकच उरते. ही मूठ करणाऱ्यानं स्वतः कधी चाटू कोरला नसावा.

दुसरी सुरी स्वीडनमधल्या मोरा गावच्या कारखान्यातली, १०६ नंबरची. मधे कडक पोलाद, दोन्ही अंगांना मऊ. मूठ साधी, मधे फुगीर. धार एकाच सपाट उतरणीनं येते, त्यामुळे ती उतरण लाकडावर टेकवली की किती खोल जायचं ते हातालाच कळतं. यंत्रावर ढिगानं होणारी ही सुरी पहिलीपेक्षा सरळसरळ सरस आहे.

मग ‘हातानं केलेलं’ या शब्दाचं करायचं काय? डेव्हिड पाय हा इंग्रज लाकूडकारागीर आणि प्राध्यापक. १९६८ सालच्या आपल्या पुस्तकात त्यानं हा शब्द जवळजवळ निकालातच काढला. त्याची विभागणी वेगळी आहे. एका प्रकारच्या कामात निकाल आधीच ठरलेला असतो. दुसऱ्यात शेवटच्या क्षणापर्यंत सगळं बिघडू शकतं, आणि ते कारागिराच्या नजरेवर, सवयीवर, काळजीवर अवलंबून असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चूक ‘अनडू’ करायची सवय, म्हणून मला हे वाचताना थोडी लाजच वाटली. पण पायचं एक मला पुरेसं वाटत नाही. तो करणाऱ्याच्या जोखमीबद्दल बोलतो. वापरणारा आणि करणारा एकमेकांना ओळखतात की नाही, हा प्रश्न त्याच्याकडे मागे राहतो. माझ्या गावात तोच पहिला निघाला.

आमचं पहूर वाघूर नदीकाठचं, जळगावहून अजिंठ्याला जाताना लागणारं. आजोबा सुतार. वडिलांपासून ते काम थांबलं, मी इंजिनिअर झालो. आजोबांचा वाकस खंडेनवमीला निघतो, हळदकुंकू लागून परत पोत्यात जातो. गेल्या दिवाळीत मी बाजारातल्या लोहारकाकांकडे गेलो आणि ट्रकच्या पाट्याच्या तुकड्यातून सुरी करून मागितली. त्यांनी दीडशे रुपये सांगितले. घासाघीस करावी असं माझ्या तोंडावर आलंही होतं, हे कबूल करतो.

ती सुरी वाईट निघाली. धारेमागे पातं इतकं जाड की लाकूड कापलं न जाता फाटायचं. कोयत्याला तसंच लागतं; घाव बसला तरी धार मुडपता कामा नये. त्यांनी त्यांना माहीत असलेली धार दिली होती, आणि मी काम काय ते सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्धा कोरलेला चाटू घेऊन गेलो. त्यांनी तो उलटसुलट केला, सुरीनं एक कपची काढली आणि म्हणाले, “हे आधी दाखवायचं ना भाऊ. तू काय ऊस तोडून राहिला का?”

मग त्यांनी पातं कानशीनं पातळ केलं, पुन्हा तापवलं, पाणी दिलं. ‘पाणी’ म्हणायचं, पण बुडवलं तेलात. मग काळपट थर घासून ते निखाऱ्याजवळ धरलं आणि पोलादावर गवती पिवळा रंग चढताच बाजूला घेतलं. तो रंग साधारण दोनशेवीस अंशांच्या आसपास येतो; त्याआधी काढलं तर धार ठिसूळ, रंग निळ्यावर गेला तर मऊ. त्यांच्याकडे थर्मामीटर नाही. पायची जोखीम म्हणतात ती हीच, आणि ती तीन-चार सेकंदांची होती.

तरीही धार मोराइतकी टिकत नाही. अर्ध्या तासानं चामड्यावर घासावी लागते. पण खोलगट भाग कोरायची वाकडी सुरी त्यांनी खुरप्याच्या वळणावरून केली, आणि तिथे मोराची १६४ नंबरची मागे पडते. तिचं टोक फार आवळलेलं. आपल्या डावाच्या रुंद पोटात ती नांगरल्यासारख्या रेघा पाडते. काकांची एका घासात रुंद, गुळगुळीत कपची काढते.

‘कारागीर’ हा शब्द हल्ली आपल्या लेखांतून गहिवर आणून लिहिला जातो. त्र्यंबक नारायण आत्रे १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त बलुत्याकडे असे गहिवरून पाहत नाहीत. मला चाटू कोरणं हा शनिवारचा छंद आहे. आजोबांना तो नव्हता. साडेचार हजारांच्या सुरीवरचे घाव हा फरक झाकायला ठेवलेत, असं मला वाटतं. काकांच्या पात्यावर घाव दिसत नाहीत. त्यांनी ते घासून काढले, कारण लाकडात अडकतात.

मूठ मात्र त्यांनी बसवली नाही. “ते सुताराचं काम,” म्हणाले, आणि माझ्या हातात नुसतं पातं दिलं. बाभळीचा तुकडा घेऊन, पात्याचं टोक तापवून मी ती पुण्यात गॅलरीत बसवली. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. मार्चमध्ये मूठ हलायला लागली.