पाऊस, पावसात आणि आमागासा

मराठी शुद्धलेखनाच्या नियमांवर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली, आणि तेव्हापासून ऱ्हस्व-दीर्घाचा वाद अधूनमधून पेटत आला आहे. तो सगळा वाद येथे उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. माझी तक्रार एकाच नियमाबद्दल आहे आणि ती ग्योतोकुसारख्या ठिकाणी मुले वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष जाणवावी. हा नियम म्हणजे सामान्यरूपाचा. तो लेखनाचा नियम म्हणून छापला जातो. परंतु कानाची गोष्ट आणि डोळ्यांची गोष्ट अशा दोन वस्तू त्यात एकाच पुडीत बांधल्या गेल्या आहेत. पुडी सोडून पाहिल्याशिवाय घरी मुलांचे काय सुधारावे आणि काय सोडून द्यावे, हे ठरत नाही.

नियमाचा आशय बहुतेकांना शाळेपासून ठाऊक आहे. शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: फूल-फुलाला, वकील-वकिलाला, जमीन-जमिनीत. शब्द तीन अक्षरी असून पहिले अक्षर दीर्घ असेल, तर त्या ई-ऊच्या जागी 'अ' येतो: पाऊस-पावसात, लाकूड-लाकडाचा, माणूस-माणसाला, बेरीज-बेरजेत. पहिले अक्षर ऱ्हस्व असेल तर हा 'अ' विकल्पाने येतो: परिटास किंवा परटास. आणि या साऱ्याला अपवाद तत्सम शब्दांचा: शरीर-शरीराला.

आता हे शब्द लिहिण्याऐवजी मोठ्याने म्हणून पाहावेत. 'वकिलाला' आणि 'शरीराला' यांतल्या 'कि' व 'री' यांच्या लांबीत आपल्यापैकी कितीजणांच्या तोंडी खरोखर फरक पडतो? बोलण्याच्या ओघात दोन्ही सारखेच आखूड होतात. म्हणजे तत्समाचा अपवाद येथे डोळ्यांपुरता आहे. संस्कृतातले रूप कागदावर जपावे एवढाच त्याचा अर्थ. उलट 'पाऊस'चे 'पावसात' होते ते मात्र पूर्णपणे कानाचे आहे. निरक्षर माणूसही 'पाऊसात' म्हणत नाही. गंमत अशी, की नियमात ज्याला 'अ' म्हटले आहे तो 'अ' आपण उच्चारतच नाही. 'माणसाला'चा उच्चार 'माण्साला' होतो, 'बेरजेत'चा 'बेर्जेत'. तेथे स्वर बदललेला नाही, तो गळाला आहे. नियम लिहिणाऱ्यांनी देवनागरीतला सुटा 'ण' व सुटा 'र' पाहिला आणि त्यात 'अ' आहे असे धरले. लिपीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. ध्वनीच्या दृष्टीने नाही.

तत्सम शब्दांचे वेगळेपण सर्वत्र कागदीच आहे काय? तसे नाही. 'प्राचीन' हा शब्द घ्या. पहिले अक्षर दीर्घ, पुढे ई. परंतु 'प्राचीनांचे मत' याऐवजी 'प्राचनांचे मत' कोणी चुकूनही म्हणणार नाही. म्हणजे स्वर गळण्याच्या बाबतीत तत्समाचा अपवाद कानातही खरा आहे, आणि लांबीच्या बाबतीत तो मुख्यतः डोळ्यांत आहे. हा भेद नियमात कोठेच दिसत नाही, हा माझा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे. हा बदल कशामुळे होतो? ध्वनींच्या शेजारामुळे की शब्दाच्या घडणीमुळे? 'पाऊस'ला 'च' किंवा 'ही' लावा: पाऊसच, पाऊसही. काहीच बदलत नाही. 'आळा' लावा: पावसाळा. लगेच बदल. 'नागपूरला जातो' म्हणताना 'पू' दीर्घ राहतो, कारण गावाच्या नावाला 'ला' थेट चिकटला. 'नागपुरात राहतो' म्हणताना तो ऱ्हस्व होतो, कारण मध्ये सामान्यरूप आले. गाव तेच, बोलणारा तोच. अर्थात ध्वनीला बदलण्याची परवानगी शब्दाची घडण देते, आणि नेमका कोणता बदल व्हायचा ते ध्वनींची ठेवण ठरवते. 'च' आणि 'ही' शब्द पुरा झाल्यावर बाहेरून येऊन बसतात. सामान्यरूप शब्दाच्या आत घडते.

आधुनिक भाषाविज्ञानात हाच विचार पॉल किपार्स्की यांनी १९८२ च्या सुमारास मांडला. शब्द थराथराने बनतो, प्रत्येक थराचे स्वतःचे ध्वनिनियम असतात, आणि बाहेरच्या थराला आतल्या थराचे नियम लागू होत नाहीत. याची मुळे आपल्या ओळखीची आहेत. पाणिनीने 'अष्टाध्यायी'च्या शेवटच्या तीन पादांतले नियम आधीच्या नियमांच्या दृष्टीने 'असिद्ध', म्हणजे जणू घडलेच नाहीत, असे मानण्याची व्यवस्था केली होती. किपार्स्कींनी १९७९ मध्ये पाणिनीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पाणिनी विकल्प सांगताना 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे तीन निरनिराळे शब्द वापरतो. पहिला 'शक्यतो करावे', दुसरा 'शक्यतो करू नये' आणि तिसरा 'कसेही चालेल' अशा अर्थाचा आहे, असे त्यांचे म्हणणे. ते सर्वांना पटलेले नाही. तरी आपल्या नियमातला 'विकल्पाने' हा एकच शब्द त्यापुढे फार ढोबळ वाटतो. परिटास आणि परटास यांतले अधिक रूढ कोणते, हे तो सांगत नाही.

आता आपल्या दारातले उदाहरण पाहू. ग्योतोकु हे इचिकावा शहरात, एदोगावा नदीच्या काठी. 'कावा' म्हणजे नदी. मग शहर 'इचिकावा' आणि नदी 'एदोगावा' असे का? जोडशब्दातल्या दुसऱ्या पदाचे आद्य कठोर व्यंजन मृदू होण्याच्या या प्रकाराला जपानीत 'रेंदाकु' म्हणतात. १९६९ पासून ग्योतोकुला थांबणाऱ्या तोझाई मार्गावर त्याची नुसती रांग लागली आहे. 'साका' म्हणजे चढ, पण स्टेशन कागुराझाका. 'हाशी' म्हणजे पूल, पण ताकेबाशी आणि निहोम्बाशी. शेवटच्या निशि-फुनाबाशीत तर दोन बदल एकदम: 'फुने' म्हणजे होडी, तिचे 'फुना' झाले, आणि 'हाशी'चे 'बाशी'. पावसाचेही तसेच. 'आमे' म्हणजे पाऊस, 'कासा' म्हणजे छत्री. दोन्ही मिळून 'आमागासा'. परंतु 'आमे'ला 'नो' किंवा 'नि' हे विभक्तीसारखे शब्द जोडा, काही बदलत नाही. ते आपल्या 'च'सारखे बाहेरचे.

रेंदाकुलाही अटी आहेत. दुसऱ्या पदात मुळातच मृदू व्यंजन असेल तर बदल होत नाही: 'हारू' आणि 'काझे' मिळून वसंतातला वारा 'हारुकाझे'च राहतो, कारण 'काझे'त 'झ' आहे. हा नियम १९८४ च्या नव्हे, १८९४ च्या एका लेखामुळे बेंजामिन लायमन या अमेरिकन खाणतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या शंभरएक वर्षे आधी मोतोओरी नोरिनागा या जपानी पंडिताच्याही तो ध्यानात आला होता. आणि तत्समासारखा अपवादही आहे. चिनी मुळाच्या शब्दांत हा बदल सहसा होत नाही, तो मुख्यतः अस्सल जपानी शब्दांत होतो. जुंको इतो आणि आर्मिन मेस्टर यांनी १९८६ पासून या थरांचा बारकाईने अभ्यास केला. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण दोघींनीही पंडिती भाषेतून घेतलेल्या शब्दांना घरच्या नियमांतून सूट दिली आहे.

मात्र हा थर कुळावरून ठरतो असे मानणे चूक ठरेल. आपल्यापैकी अनेकांच्या पगारपत्रकावर रोज दिसणारा 'काबुशिकि-गाइशा' हाच शब्द पाहा. 'काइशा' चिनी मुळाचा, तरी त्याचे 'गाइशा' झाले. मराठीतही 'वकील' अरबी, 'जमीन' आणि 'चाबूक' फारसी, 'तिकीट' तर इंग्रजी. तरी आपण वकिलाला, जमिनीत, चाबकाने, तिकिटावर असेच म्हणतो. शब्द कोठून आला याला महत्त्व नाही. भाषेने त्याला घरचा मानला की पाहुणा, याला आहे. सामान्यरूप ही घरात घेतल्याची खूण. 'टीमला' आणि 'ऑफिसमध्ये' म्हणताना ते शब्द अजून ओसरीवरच बसलेले असतात.

येथे मुलांचा प्रश्न येतो. ग्योतोकुत वाढणारे मूल 'पाऊसात भिजलो' किंवा 'माणूसला विचारले' असे म्हणते, तेव्हा आपण हसतो आणि शुद्धलेखन कच्चे आहे म्हणतो. पण मुलाच्या कानावर दिवसभर 'ट्रेनला', 'स्कूलमध्ये', 'ऑफिसला' अशी मराठी पडते, आणि बाहेर ज्या भाषेत विभक्तीच्या शब्दांनी नाम हलतच नाही अशी जपानी. त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरून आहे: नाम जसेच्या तसे ठेवायचे आणि पुढे प्रत्यय लावायचा. त्याच्या दृष्टीने 'पाऊस' आणि 'टीम' दोन्ही पाहुणेच. हा दोष लेखनाचा नाही, आणि वहीत दहा वेळा 'पावसात' लिहून घेतल्याने तो जाणारही नाही.

माझे म्हणणे एवढेच, की 'शरीराला' ऱ्हस्व लिहिले म्हणून मुलाला अडवू नये. ते पुढे शिकता येईल, आणि न शिकले तरी मराठी बुडत नाही. 'पाऊसात' मात्र ऐकून सोडू नये. सामान्यरूप गेले की 'मुलाचा', 'देवळात', 'पावसाळा' ही सारी नाती एकेक करून सुटतात आणि प्रत्येक शब्द स्वतंत्र पाठ करावा लागतो. ते शिकवण्याची वाट नियमाची नव्हे, जोड्यांची आहे: देऊळ-देवळात, कापूस-कापसाचा, तांदूळ-तांदळाचा, एकामागून एक, बोलण्यात आणि गोष्टीत. जपानी मुलाला 'आमागासा' कोणी नियम सांगून शिकवत नाही. घरातली माणसे पावसाच्या दिवशी तो शब्द म्हणतात आणि ते उचलते. आपल्या घरांत 'पावसात' तितक्या वेळा ऐकू येतो का, हे आपले आपणच तपासायचे आहे.