मगवरची ‘शांतता’ आणि तुटलेली शिरोरेषा

ऑनलाइन दुकानांत हल्ली मराठी ‘मिनिमल’ वस्तूंची रांग लागली आहे. पांढरा मग, त्यावर काळ्या अक्षरांत एकच शब्द. वही, कोस्टर, उशीचा अभ्रा, सगळीकडे तेच. अशा रोजच्या वस्तूवर समीक्षा लिहिता येते का? येते. पण ‘साधं आणि सुंदर’ किंवा ‘मराठी अस्मितेचं बाजारीकरण’ एवढंच लिहून थांबलात, तर तुम्ही वस्तूकडे पाहिलेलंच नाही.

‘शांतता’ लिहिलेला मग घ्या. या शैलीत अक्षरं बऱ्याचदा मुद्दाम सुटी केलेली असतात: शां त ता. ही सवय रोमनमधून आली. तिथे कॅपिटल अक्षरांत थोडं अंतर ठेवायची जुनी पद्धत आहे आणि ती खपते, कारण प्रत्येक अक्षर मुळातच स्वतंत्र उभं असतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, आणि शब्द बांधला जातो शिरोरेषेने. बहुतेक डिजिटल फॉन्टमध्ये ही रेषा अखंड नसते. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तिचा एक तुकडा असतो, अक्षरं शेजारी टेकली की ती सलग दिसते. ट्रॅकिंग वाढवलं की ती फुटते. मोडी लिहिणारे तर आधी रेषा आखायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहायचे! म्हणजे इथे ‘कमी’ काही केलेलं नाही, शब्दाचा सांधा काढलाय. मला हे मग आवडत नाहीत, ते यासाठी.

आता तुमचा गाइड विचारेल, शिरोरेषा इतकी पवित्र आहे का? नाही. गुजरातीने ती सोडलीच. व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या भरभर लिखाणात ती गळाली आणि अक्षरं त्याप्रमाणे घडत गेली. फरक पकडा: रेषेशिवाय घडलेलं अक्षर वेगळं, रेषा तोडलेलं अक्षर वेगळं. समीक्षेचा मुद्दा असा नेमका हवा.

‘श’कडेही बघा. मराठी वळणाचा आणि हिंदी वळणाचा ‘श’ यांना युनिकोडमध्ये संकेतांक एकच, कुठला दिसेल ते फॉन्ट ठरवतो. ‘ल’चंही तेच. नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयानंतर या दोन अक्षरांची बातमीसुद्धा झाली होती. परिच्छेदात हे नजरेआड होतं. मगवर एकच शब्द, तिथे कुठे लपणार?

कारणं मात्र सौंदर्यशास्त्रात शोधायची घाई नको. मोबाइलवरच्या चिमुकल्या फोटोत मोठा शब्दच वाचता येतो. मुक्त, पॉपिन्ससारखे फॉन्ट खुल्या परवान्यात मिळतात, ते वापरून वस्तू विकता येते. छोट्या विक्रेत्याला हे परवडतं, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक काम करा. तीसेक वस्तूंचे फोटो जमवा, निवडीचा नियम आधी लिहून ठेवा (‘मला आवडलेले’ हा नियम नव्हे), आणि प्रत्येकीपुढे नोंदवा: शब्द कोणता, रेषा सलग की तुटलेली, ‘ल’-‘श’ कुठल्या वळणाचे, वरच्या-खालच्या मात्रा कापल्या गेल्यात का. रेषा सलग ठेवूनही मोकळ्या वाटणाऱ्या वस्तू सापडल्या तर त्या वेगळ्या काढा. त्यांत अंतर अक्षरांमध्ये न टाकता कुठे टाकलंय, ते मोजपट्टी घेऊन बघा.