पाळी, धाप आणि मोळी

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या ऊसतोड टोळ्या गाव सोडून निघालेल्या असतील. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला धाप लागते. ही धाप पाळीच्या चक्राप्रमाणे कमी-जास्त होते का? शरीरशास्त्राने हा प्रश्न विचारला आहे, पण या बाईला समोर ठेवून नव्हे.

स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन वाढते. ते मेंदूतील श्वसनकेंद्राला डिवचते. श्वास थोडा अधिक चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित उतरतो. गरोदर बाईला बसल्या जागी दम लागतो, त्यातही या संप्रेरकाचा हात असतोच. निरोगी बाईच्या श्रमशक्तीत मात्र याने फारसा फरक पडत नाही, असे बहुतेक अभ्यास सांगतात. काही दमेकरी बायकांचा दमा पाळीच्या तोंडावर बळावतो, ती गोष्ट निराळी.

मला खटकते ती मोजणीची रीत. कित्येक अभ्यासांत रक्तातले संप्रेरक न तपासता, पाळीच्या पहिल्या दिवसापासून दिवस मोजून टप्पा ठरवतात. त्या महिन्यात बीज सुटले की नाही, हे कॅलेंडरला काय कळणार! शिवाय प्रयोगशाळेतल्या ट्रेडमिलवर पळणाऱ्या बहुधा तरुण, सुदृढ, व्यायामाची सवय असलेल्या. त्यांची सरासरी आपण सगळ्याजणींना लावतो.

शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, वर दंड. ‘कटकट गेली’ हे त्यामागचे एक कारण. पण नुसती पिशवी काढून अंडाशये ठेवली, तर रक्तस्राव थांबतो, संप्रेरकांचे चक्र नव्हे. श्वासाला डिवचणारे चालूच राहते. मोजायला तारीख तेवढी उरत नाही. अंडाशयेही गेली तर ऐन तिशीत चक्रच तुटते. दिवस मोजणाऱ्या पद्धतीत या दोघीही बसत नाहीत.

त्यात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. वर पहाटेच्या चुलीचा धूर. यातून संप्रेरकाचा वाटा वेगळा काढायचा, तर निदान रक्त तपासावे लागेल, आणि तेही फडावर जाऊन.

फुप्फुसांच्या तपासणीत नळीत फुंकण्याआधी वय, उंची, लिंग लिहून घेतात. शेवटची पाळी कधी आली, पिशवी आहे की काढली, यांसाठी त्या कागदावर सहसा रकाना नसतो.