सिनेमावरचं पुस्तक पारखताना

सिनेमाच्या इतिहासावरचं कुठलंही पुस्तक हातात आलं की त्यातली आगगाडी आधी शोधावी. लुमिएर बंधूंच्या पडद्यावरची गाडी अंगावर येतेय असं वाटून पॅरिसचे प्रेक्षक खुर्च्या सोडून पळत सुटले, ही गोष्ट बहुतेक पुस्तकांच्या सुरुवातीलाच भेटते. ती जोडली जाते २८ डिसेंबर १८९५ च्या, तिकीट लावून केलेल्या पहिल्या खेळाशी. त्या खेळात दहा छोटे चित्रपट दाखवले गेले आणि त्या यादीत आगगाडी नव्हतीच. ती नंतर आली. प्रेक्षकांची पळापळ झाल्याचा त्या काळातला भरवशाचा पुरावाही संशोधकांना मिळालेला नाही. लेखक ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी रंगवून सांगत असेल, तर त्याने ती दुसऱ्या पुस्तकातून उचलली आहे, आणि बाकीची पानंही तशीच भरली असण्याची शक्यता मोठी आहे. तो तिला आख्यायिका म्हणत असेल आणि ती का रुजली याचा विचार करत असेल, तर पुस्तक घरी न्यावं.

भारतीय सिनेमावरच्या पुस्तकांसाठी अशीच कसोटी ‘आलम आरा’ची. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हा त्याची शेवटची प्रत जळाली, असं बेधडक लिहिलं जातं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी ज्यांनी केली, त्या पी. के. नायर यांनी याचा स्पष्ट इन्कार केला होता. १९६४ मध्ये संग्रहालय सुरू झालं, त्याच्या आधीच हा चित्रपट हातचा गेलेला होता. आगीची गोष्ट नाट्यमय आहे, म्हणून ती टिकली. खरी गोष्ट अधिक क्लेशदायक आहे, कारण तिच्यात अपघात नाही. आपण आपला सिनेमा जपलाच नाही, एवढंच तिचं सार आहे.

मराठीतल्या चित्रपटविषयक लेखनाकडे पाहताना मला आख्यायिका आणि पुरावा यांतला हा फरक सतत जाणवतो. आपल्याकडे आठवणींचं भांडार आहे, पण पुराव्याची सवय कमी आहे. चित्रपट बारकाईने पाहून लिहिणारी नजर आहे, पण मोजक्या लेखकांपाशी. पुस्तक निवडताना आपण या तिन्हींपैकी काय विकत घेतो आहोत, हे वाचकाला कळलं पाहिजे.

आठवणींची परंपरा थेट दादासाहेब फाळक्यांपर्यंत जाते. १९१७-१८ मध्ये त्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपल्या मनात कृष्ण-राम कसे उभे राहिले, हे त्यांनी तिथे सांगितलं आहे. पुढे भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ थोडी थोडी करून फिल्मवर टिपली आणि बीजाचा वेल होताना पडद्यावर दाखवला. जगात फार थोड्या देशांच्या सिनेमाला आपल्या जन्माची अशी हकिकत जन्मदात्याच्याच शब्दांत लाभली असेल. पण याच ठिकाणी साधं पुस्तक आणि चांगलं पुस्तक वेगळं होतं. साधं पुस्तक हा प्रसंग भक्तिभावाने पुन्हा सांगतं. चांगलं पुस्तक विचारतं की फाळक्यांनी पाहिलेला ख्रिस्तपट नेमका कोणता? पाथे कंपनीचा, की गोमाँसाठी अ‍ॅलिस गी या स्त्री दिग्दर्शिकेने १९०६ साली केलेला? ‘राजा हरिश्चंद्र’ची आज पाहायला मिळणारी रिळं १९१३ ची, की अनेक अभ्यासक मानतात त्याप्रमाणे १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची? या प्रश्नांनी फाळक्यांचं मोठेपण उणावत नाही. उलट, त्यांच्याकडे गंभीरपणे पाहण्याची सुरुवात तिथून होते.

आत्मचरित्रांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’, दुर्गाबाईंचं ‘मी, दुर्गा खोटे’, लीला चिटणिसांचं ‘चंदेरी दुनियेत’, स्नेहप्रभा प्रधानांचं ‘स्नेहांकिता’. एवढ्या नट्यांनी स्वतःविषयी इतकं निर्भीडपणे लिहिलं आहे, ही मराठीची मोठी मिळकत आहे. ‘सांगत्ये ऐका’वरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ केला, म्हणून ते नाव सर्वांना ठाऊक असतं. पण ते पुस्तक वाचावं ते स्टुडिओ चालत कसे, करार कोण करी आणि कमावत्या बाईचा पैसा कुणाच्या हातात जाई, हे समजून घेण्यासाठी. चित्रपटसृष्टीच्या आर्थिक इतिहासाचं इतकं जिवंत साधन सहसा दप्तरांतून मिळत नाही.

मात्र आत्मचरित्र एकेकटं वाचू नये. प्रभात फिल्म कंपनीचंच घ्या. १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी ती काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आली आणि १९४२ मध्ये व्ही. शांताराम बाहेर पडले. त्यांचं ‘शांतारामा’ वाचताना प्रभात म्हणजे एका माणसाच्या जिद्दीचा प्रवास वाटतो. त्याच्या शेजारी शांताराम आठवले यांचं ‘प्रभातकाल’ आणि बापू वाटवे यांचं ‘एक होती प्रभातनगरी’ ठेवलं, की दामले-फत्तेलाल हे भागीदार दिसू लागतात, गीतकार, तंत्रज्ञ आणि कामगारही दिसू लागतात. केशवराव भोळे यांचं ‘माझे संगीत’ वाचलं, की त्याच चित्रपटांची आणखी एक बाजू कानांतून उलगडते. यांतलं कुठलंच पुस्तक खोटं नाही. प्रत्येकाने आपण जिथे उभे होतो तिथून सांगितलं आहे, आणि इतिहास हाती लागतो तो या उभं राहण्याच्या जागांमधल्या अंतरातून.

प्रभातच्याच ‘संत तुकाराम’ (१९३६) मधल्या बीजाच्या अभंगाचं उदाहरण इथे आठवतं. तो आठवल्यांनी चित्रपटासाठी रचला, पण इतका बेमालूम उतरला की पुष्कळांनी तो तुकोबांचाच मानला. एवढी एक गोष्ट नीट समजली, तर त्या चित्रपटातला भक्तिभाव कसा घडवला गेला, परंपरेचा आवाज नव्याने कसा बांधला गेला, याच्या विचाराला वाट फुटते. पण बहुतेक ठिकाणी ती गमतीदार किस्सा म्हणून येते आणि किस्सा म्हणूनच संपते. व्हेनिसच्या १९३७ च्या महोत्सवात या चित्रपटाचा झालेला गौरवही तसाच. तो नेमका कसला होता, कुणी दिला, स्पर्धेत आणखी काय होतं, हे सांगणारं पुस्तक एका ओळीच्या अभिमानापेक्षा कितीतरी मोलाचं.

पुराव्याच्या अंगाने इंग्रजीत पायाभूत काम झालं आहे, आणि मराठी वाचकाने ते टाळू नये. एरिक बार्नाऊ आणि एस. कृष्णस्वामी यांचं ‘इंडियन फिल्म’ १९६३ चं. आज त्यातले काही निष्कर्ष जुने वाटतील, पण मूकपटांच्या काळातली माणसं हयात असताना त्यांना भेटून केलेलं ते काम आहे. आशीष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा ‘एनसायक्लोपीडिया ऑफ इंडियन सिनेमा’ (१९९४, सुधारित आवृत्ती १९९९) हाताशी असल्याशिवाय भारतीय सिनेमावर काही लिहू नये, इतका तो उपयोगी. १९२७-२८ च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीचे साक्षींचे खंड तर कादंबरीसारखे वाचण्याजोगे आहेत. निर्माते, थिएटरमालक, सरकारी अधिकारी, शिक्षक असे सगळे त्यांत आपापल्या भाषेत बोलतात. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचे ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे खंड म्हणजे एका माणसाच्या चिकाटीने उभा केलेला दप्तरखाना आहे. अलीकडच्या अभ्यासकांत नीपा मजुमदार यांनी सुरुवातीच्या तारकांवर आणि देबश्री मुखर्जी यांनी ‘बॉम्बे हसल’मध्ये स्टुडिओत राबणाऱ्या माणसांवर लिहिलं. ही पुस्तकं वाचली की ‘सुवर्णकाळ’ या एका बिरुदाखाली किती कष्ट झाकले गेले, ते ध्यानात येतं.

मराठीत इसाक मुजावर यांच्यासारख्यांनी विद्यापीठाचं पाठबळ नसताना आयुष्यभर हा इतिहास गोळा केला. त्या पिढीचं ऋण मोठं आहे. पण त्यावर पुढचा थर चढला नाही, ही आजची खरी उणीव. आपल्या चित्रपटविषयक पुस्तकांत नामसूची नसते, चित्रसूची नसते, माहिती कुठून घेतली याचा पत्ता नसतो. छायाचित्रं असतात ती नटनट्यांच्या चेहऱ्यांची, दृश्यांची क्वचितच. म्हणून एकदा छापलेली चूक दुरुस्त व्हायला वाव राहत नाही. ती पुढच्या पुस्तकात जाते आणि वर्तमानपत्राच्या स्मरणलेखातून पुन्हा परत येते.

पुरावा असला म्हणजे पुस्तक चांगलं, असंही नाही. झीगफ्रीड क्राकाउअर यांचं ‘फ्रॉम कॅलिगरी टू हिटलर’ (१९४७) हे त्याचं मोठं उदाहरण. दोन महायुद्धांमधल्या जर्मन चित्रपटांत त्यांना हुकूमशाहीची पूर्वचिन्हं दिसली. मांडणी विलक्षण, अभ्यास खोल. पण शेवट ठाऊक असलेल्या माणसाने मागे वळून पाहिलं की प्रत्येक सावली त्या शेवटाकडेच बोट दाखवू लागते. असं पुस्तक जरूर वाचावं, मात्र त्याच्याशी वाद घालत.

आता समीक्षा. चित्रपटाचं कथानक सांगणं ही एके काळी सेवाच होती. चित्रपट थिएटरमधून उतरला की तो पुन्हा कधी दिसेल याचा नेम नसे, आणि गावाकडच्या वाचकाला तो लेखातूनच ‘पाहायला’ मिळे. शिरीष कणेकरांचं ‘गाये चला जा’सारखं लेखन त्या हरवलेल्या पडद्यावरच्या प्रेमातून आलं आणि त्याने मराठी माणसाला सिनेमावर बोलायची गोडी लावली. पण आज ‘संत तुकाराम’ किंवा ‘प्यासा’ घरबसल्या पाहता येतो. आज कथानकावर पानं भरणारं पुस्तक वाचकाला काय देतं?

अरुण खोपकरांचं ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या तीन चित्रपटांवरचं हे छोटेखानी पुस्तक राष्ट्रीय पुरस्काराचं मानकरी ठरलं, आणि पुढे शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं. खोपकर प्रकाश, कॅमेऱ्याची चाल, क्लोज-अप, गाण्याची बांधणी यांतून अर्थ कसा घडतो हे दाखवतात. ही नजर म्हणजे काय, ते ‘प्यासा’तल्या एका प्रसंगावरून कळेल. मेला असं समजलं गेलेला कवी विजय स्वतःच्याच स्मृतिसभेच्या दारात येऊन उभा राहतो. मागून झगझगीत उजेड, चेहरा अंधारात, दोन्ही हात चौकटीवर पसरलेले. ‘विजय सभागृहात येतो आणि खळबळ उडते’ हे झालं कथानक. उजेड मागून का आहे, ज्याची आरती चालली आहे त्याचाच चेहरा सभेला का दिसत नाही, पसरलेल्या हातांनी कोणतं चित्र उभं राहतं, हे विचारणं ही समीक्षा.

ही नजर शून्यातून आली नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी चित्रपटाचा रसास्वाद शिकवला, १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, त्याच्या ‘वास्तव रूपवाणी’ने लिहित्या हातांना जागा दिली. अशोक राणे, विजय पाडळकर, गणेश मतकरी यांनी जगातला सिनेमा मराठी वाचकाच्या अंगणात आणला. मतकरींचं ‘फिल्ममेकर्स’ दिग्दर्शकाच्या कामाकडे पाहायला लावतं, तर पाडळकर साहित्यकृती आणि तिचा चित्रपट शेजारी ठेवून दोन्हींतलं काय हललं ते शोधतात. या परंपरेची मला काळजी वाटते ती एकाच गोष्टीमुळे. साप्ताहिक परीक्षणं जशीच्या तशी बांधून पुस्तक काढण्याची घाई वाढली आहे. शुक्रवारी लिहिलेलं मत पुस्तकात यायचं, तर चित्रपट पुन्हा पाहिला पाहिजे आणि मत पुन्हा तपासलं पाहिजे.

म्हणून समीक्षेचं पुस्तक घेण्याआधी एक करावं. आपल्याला जवळजवळ पाठ असलेल्या चित्रपटावरचा लेख त्यातून काढून दुकानात उभ्या उभ्या वाचावा. इतक्यांदा पाहूनही न दिसलेली एक तरी गोष्ट त्याने दाखवली, तर न पाहिलेल्या चित्रपटांबद्दलही त्या लेखकावर विश्वास टाकता येईल. नुसते आपले आवडते प्रसंग परत मिळाले, तर तेवढं आपल्याला आधीच ठाऊक होतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्यांदा खोपकरांचं गुरू दत्तवरचं पुस्तक घ्यावं, मग ‘सांगत्ये ऐका’, मग ‘शांतारामा’ आणि ‘प्रभातकाल’ जोडीने, आणि खात्री करण्यासाठी राजाध्यक्ष-विलेमेन यांचा कोश. प्रकाशकांकडे मागणं एवढंच, की जुन्या आत्मचरित्रांच्या नव्या आवृत्त्या काढताना टिपा, चित्रसूची आणि नामसूची जोडाव्यात. एखाद्या तरुण अभ्यासकाला वर्षभर या कामाला बसवण्याचा खर्च फार नाही. ज्या भाषेच्या माणसांनी या देशात चित्रपटाचा पाया घातला, त्या भाषेतल्या वाचकाला तारीख तपासायला इंग्रजी कोशाकडे जावं लागू नये. आणि तशी पुस्तकं आली की ती विकत घेणं, ही आपली जबाबदारी.